हात न लावता वाजणारं वाद्य आणि ते बनवणारे लेव्ह तेर्मेन



मागच्या महिन्यात आमच्या वर्गात एक गंमत झाली. मोबाईलवर एक ॲप मिळालं होतं. कॅमेऱ्यासमोर हात धरायचा, वर नेला की सूर चढतो, खाली आणला की उतरतो. मधल्या सुट्टीत सातवीच्या पोरांना दाखवलं आणि रांगच लागली. पहिली पाच मिनिटं नुसता हसण्याचा गोंधळ. मग मी म्हटलं, आता जरा सा रे ग म काढून दाखवा बरं. झालं, सगळे गप्प. पेटीच्या क्लासला जाणारा मुलगा सगळ्यात आधी पुढे आला आणि सगळ्यात आधी अडकला, कारण बोट ठेवायला पट्टीच नव्हती. शेवटी एक मुलगी आली. तिला कुठलंच वाद्य येत नाही, पण गावातल्या हरिपाठाला ती रोज उभी असते. तिने डोळे मिटले, हात एकदम हळू सरकवला, चुकला की परत मागे आणला, आणि पंचमापर्यंत बऱ्यापैकी सुरात पोहोचली.

तेवढ्यात मागून एकाने विचारलं, सर, हे असं हवेत वाजवायचं सगळ्यात आधी कुणी काढलं? त्या दिवशी उत्तर अर्धवटच देऊन वेळ निभावली. आपल्या जालना जिल्ह्यातच काय, मराठी पाठ्यपुस्तकांतही हे नाव सहसा सापडत नाही. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे. मुलांना गोष्ट म्हणून सांगता येईल, फक्त गोष्टीतला काही भाग सुखाचा नाही, तो वय बघून सांगा.

लेव्ह सर्गेयेविच तेर्मेन यांचा जन्म १८९६ च्या ऑगस्ट महिन्यात रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात झाला. पूर्वज मूळचे फ्रान्सकडचे. पुढे पाश्चात्त्य देशांत गेल्यावर त्यांच्या नावाचा उच्चार लिऑन थेरेमिन असा झाला आणि वाद्यालाही तेच नाव पडलं. लहानपणी त्यांना दोन नाद होते, एक विजेचा आणि दुसरा संगीताचा. ते चेलो शिकले. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलंच, पण मोठं, खाली टेकवून गजाने वाजवायचं वाद्य. एकीकडे संगीताचं शिक्षण आणि दुसरीकडे विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र, असं दोन्ही सुरू होतं. आपल्याकडे दहावीनंतर मुलाला कला की विज्ञान असं विचारून एक दार बंदच करून टाकतात. हा माणूस दोन्ही दारांतून जा-ये करत राहिला आणि त्यामुळेच पुढचं सगळं घडलं, असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धात ते लष्करात रेडिओचं काम शिकले. क्रांतीनंतर पेत्रोग्रादच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत, नामवंत शास्त्रज्ञ अब्राम योफ्फे यांच्या हाताखाली त्यांना काम मिळालं. काम होतं वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं. त्यासाठी त्यांनी एक उपकरण तयार केलं, ज्यात बदल झाला की कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये शिट्टीसारखा आवाज बदलायचा. पण लक्षात आलं की वायू तसाच असतानाही, आपला हात जवळ नेला की आवाज चढतो आणि दूर नेला की उतरतो. दुसऱ्या कुणी असता तर वैतागला असता, कारण मोजमापाच्या दृष्टीने ही तर चूक. तेर्मेन यांच्यातला चेलो वाजवणारा जागा झाला. हात पुढे-मागे करत त्यांनी त्या शिट्टीवर ओळखीची धून काढून पाहिली. हे साल १९२०, वय चोवीस.

आता याचं विज्ञान थोडं बघू, कारण आठवी-नववीच्या वर्गात ते सहज सांगता येतं. उपकरणात दोन ऑसिलेटर असतात. दोन्ही इतक्या जास्त वारंवारतेने चालतात की माणसाला ऐकूच येत नाही. आपला कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ही मंडळी लाखांत. समजा, दोघेही १,७०,००० हर्ट्झवर आहेत. एक कायम तिथेच राहतो. दुसरा एका उभ्या अँटेनाला जोडलेला असतो. आपलं शरीर विजेचं वाहक आहे, त्यामुळे हात अँटेनाजवळ आला की तिथली विद्युत धारकता, म्हणजे कपॅसिटन्स, किंचित वाढते आणि दुसऱ्या ऑसिलेटरची वारंवारता किंचित कमी होते. समजा, ती १,६९,५६० झाली. दोन्हींतला फरक ४४० हर्ट्झ. हा फरक मात्र कानाला ऐकू येतो आणि तोच सूर म्हणून बाहेर काढला जातो. हात आणखी जवळ, फरक आणखी मोठा, सूर आणखी वर.

तंबोरा लावताना जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, की आवाज लाटेसारखा हेलकावतो. ज्यांनी भजनी मंडळात तंबोरा लावताना पाहिला असेल त्यांना हे पटकन कळेल. तत्त्व तेच. तिथे फरक सेकंदाला दोन-चारचा असतो म्हणून हेलकावा जाणवतो, इथे शेकड्यांचा असतो म्हणून सूर होतो.

वाद्याला दुसरी एक आडवी, वेटोळं केलेली अँटेना असते, ती डाव्या हातासाठी. त्या वेटोळ्यावर हात खाली आणला की आवाज बारीक, उचलला की मोठा. उजव्या हाताने सूर, डाव्या हाताने आवाजाचा चढउतार. स्पर्श कुठेच नाही.

मुलांना पटवायचं असेल तर हातातला मोबाईलच घ्या. स्क्रीनवर बोट चालतं, पण पेनाचं प्लॅस्टिकचं टोपण चालत नाही. का? तिथेही स्क्रीन आपल्या बोटामुळे बदलणारी धारकताच ओळखत असतो. आमच्या आजोबांच्या रेडिओवर परभणी केंद्र लावताना मी हात जवळ नेला की आवाज खुलायचा आणि काढला की खरखर व्हायची. तेव्हा मला वाटायचं माझ्या हातात काहीतरी जादू आहे. तेर्मेन यांनी त्या जादूचं वाद्य केलं, एवढंच. आमच्या सातवीच्या ॲपचं मात्र वेगळं आहे, तिथे कॅमेरा हात पाहतो आणि संगणक हिशोब करतो. हावभाव तोच, आतली यंत्रणा निराळी.

१९२२ च्या मार्च महिन्यात तेर्मेन यांना क्रेमलिनमध्ये बोलावणं आलं. देश गरीब, बहुतेक खेड्यांत अंधार आणि सरकारला विजेचं वेड लागलेलं. लेनिन यांच्यासमोर त्यांनी वाद्य वाजवून दाखवलं आणि त्याच तत्त्वावर चालणारी चोर पकडायची घंटाही दाखवली. लेनिन यांनी स्वतः वाजवून बघितलं, तेर्मेन यांनी सुरुवातीला मागे उभं राहून त्यांचे हात धरले होते. लेनिन खूश झाले. मग तेर्मेन देशभर फिरून वाद्य वाजवू लागले. लोक गाणं ऐकायला यायचे आणि विजेची करामत बघून जायचे. मधल्या काळात त्यांनी दूरवर चित्र दिसणारं, म्हणजे टीव्हीच्या आधीच्या रूपातलं, यंत्रही तयार करून १९२६ मध्ये दाखवलं. पण ते काम सरकारने गुप्त ठेवलं आणि त्याचं श्रेय त्यांना कधी नीट मिळालं नाही.

१९२७ मध्ये त्यांना परदेशी पाठवलं. फ्रँकफर्ट, बर्लिन, पॅरिस, लंडन. पॅरिसच्या ऑपेरात इतकी गर्दी झाली की पोलीस बोलवावे लागले, असं सांगतात. वर्षाअखेरीस ते न्यूयॉर्कला पोहोचले. फेब्रुवारी १९२८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि १९२९ मध्ये आरसीए या मोठ्या रेडिओ कंपनीने वाद्य बाजारात आणलं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो. कंपनीने जाहिरात काय केली? ज्याला गुणगुणता येतं, शीळ घालता येते, त्याला हे वाद्य वाजवता येईल. शिकायला नको, स्वरलिपी नको, मास्तर नको. घरोघरी पियानोच्या जागी हे असेल, अशी त्यांची कल्पना. किंमत १७५ डॉलर, वर व्हॉल्व्ह आणि लाउडस्पीकरचा खर्च वेगळा. सुमारे ५०० वाद्यं तयार झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. विक्री थांबली. बरेच लोक दोष मंदीला देतात आणि तो आहेच. पण दुसरंही कारण होतं. ज्यांनी घेतलं, त्यांनी घरी नेऊन हात हलवला आणि मांजर रडल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या दिवशीही तसाच.

कारण सोपं आहे. पेटीला पट्टी आहे, सतारीला पडदे आहेत. व्हायोलिनला पडदे नसले तरी बोटाला तार लागते, हात कुठे आहे हे कळतं. इथे हवेत काहीच नाही. सूर कुठे आहे हे फक्त कान सांगणार. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधलं सगळं वाजतं, म्हणजे जन्मतःच मींड. आपल्याकडे पेटीवर आक्षेप होता तो नेमका उलटा. पेटीतून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली होती. थेरेमिनमध्ये मींडच मींड आणि जागेवर थांबणं हेच कठीण. वाजवणाऱ्याने मान हलवली तरी सूर हलतो. जवळून कुणी चालत गेलं तरी हलतो. म्हणजे वाद्य सगळ्यांच्या हाताला उत्तर देतं हे खरं, पण ते उत्तर सुरात यायला रियाझच लागतो. जाहिरातीत पहिलं वाक्य होतं, दुसरं नव्हतं. आजही मुलांसाठीची ॲप आणि खेळणी विकताना हेच चालतं, पालकांनी लक्षात ठेवावं.

हे वाद्य खरोखर कुणाला साधलं असेल तर क्लारा राइझेनबर्ग या मुलीला. लग्नानंतर ती क्लारा रॉकमोर म्हणून ओळखली गेली. जन्म १९११, विल्नियस. पाच वर्षांचीही नसेल तेव्हा व्हायोलिनसाठी पेत्रोग्रादच्या संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. कुटुंब अमेरिकेला आलं आणि ऐन उमेदीत हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सुटलं. कान तयार, मन तयार, पण हात तारेवर चालेना. अशा वेळी तेर्मेन यांचं वाद्य तिच्यासमोर आलं. तिने हवेत बोटांच्या जागा ठरवल्या, मूठ मिटून खालचा सूर, एकेक बोट उघडत वरचे सूर. तेर्मेन यांना सुचवून वाद्यात सुधारणाही करून घेतल्या. तेर्मेन तिच्या प्रेमात होते. तिच्या अठराव्या वाढदिवसाला त्यांनी असा केक केला होता की ती जवळ आली की तो फिरायचा. तिने मात्र लग्न दुसऱ्याशी केलं. मैत्री टिकली.

न्यूयॉर्कमध्ये तेर्मेन यांचं घर म्हणजे प्रयोगशाळाच होती. आइनस्टाइनही तिथे येऊन गेले. १९३० मध्ये कार्नेगी हॉलमध्ये दहा थेरेमिनचा एकत्र कार्यक्रम झाला. मग त्यांनी टर्प्सिटोन नावाचं व्यासपीठ केलं. त्यावर नाचायचं आणि शरीराच्या हालचालीतून सूर निघायचे. आपल्याकडे नाचणाऱ्याचे घुंगरू ताल देतात, इथे नाचणाऱ्याने गाणंच म्हणायचं. कल्पना भन्नाट, पण नर्तकांना सूर सांभाळता येईनात आणि १९३२ मध्ये ते लोकांसमोर सादर करायला शेवटी क्लाराच उभी राहिली. आज मॉलमध्ये किंवा विज्ञान केंद्रात जमिनीवर पाय ठेवला की सूर वाजणारी फरशी मुलं पाहतात, तिची ही पणजी.

तेर्मेन हिशोबात कच्चे होते. कर्ज वाढत गेलं. त्याशिवाय मायदेशाला परदेशी उद्योगांची माहिती पुरवायचं कामही त्यांच्याकडे होतं. १९३८ मध्ये त्यांनी लॅविनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तिकेशी लग्न केलं आणि त्या काळच्या अमेरिकेत बऱ्याच जणांनी त्यांच्याशी संबंध तोडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते एका सोव्हिएत मालवाहू जहाजातून निघून गेले. त्यांना पळवून नेलं असं अमेरिकेत अनेक वर्षं मानलं जात होतं. स्वतः तेर्मेन यांनी म्हातारपणी सांगितलं की आपण आपल्या मर्जीने गेलो. पत्नी मागाहून येईल असं त्यांना वाटत होतं. ती भेट पुन्हा कधीच झाली नाही.

मायदेशी स्वागत कसं झालं? मार्च १९३९ मध्ये अटक. आठ वर्षांची शिक्षा. सैबेरियाच्या टोकाला कोलिमाच्या छावणीत दगड फोडायला आणि वाहायला. तिथेही त्यांनी ढकलगाड्यांसाठी लाकडी रूळ टाकून काम हलकं केलं, असं सांगतात. नंतर त्यांना कैदी शास्त्रज्ञांच्या बंदिस्त प्रयोगशाळेत हलवलं. पुढे ज्यांनी अवकाशयानं पाठवली ते सर्गेई कोरोल्योव्हही त्या काळात तिथेच कैदी होते.

आणि आता तो भाग, जो सांगताना मला स्वतःला अडखळायला झालं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूतांना सोव्हिएत शाळकरी मुलांनी एक भेट दिली. लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह. मैत्रीची खूण म्हणून राजदूतांनी ते घरातल्या अभ्यासिकेत लावलं. त्याच्या आत तेर्मेन यांनी बनवलेलं ऐकण्याचं उपकरण होतं. त्याला बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की ते जागं व्हायचं आणि खोलीतलं बोलणं परावर्तित लहरींवरून बाहेर जायचं. आत एक पातळ पडदा, बोलण्याने थरथरणारा, आणि त्याच्या थरथरीने बदलणारी धारकता. वाद्यात हात जे करायचा, ते इथे आवाज करत होता. १९५२ मध्ये ते सापडेपर्यंत सात वर्षं ते भिंतीवर होतं. १९४७ मध्ये तेर्मेन यांना मोठा सरकारी पुरस्कार, स्टालिन पारितोषिक, मिळालं. सुटकाही त्याच वर्षी.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरांना उपकरण फार आवडलं. पण हरिपाठाला जाणारी ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की भेट तर मुलांच्या हातून दिली होती ना. मी पुढचा मुद्दा काढला, तरी तिचा प्रश्न घरी जाताना माझ्याबरोबर आला.

सुटकेनंतरही तेर्मेन त्याच गुप्त खात्यात बरीच वर्षं काम करत राहिले. तिसरं लग्न झालं, जुळ्या मुली झाल्या. साठीच्या दशकात ते मॉस्कोच्या संगीत विद्यालयात आले आणि पुन्हा वाद्यं बनवू लागले. बाहेरच्या जगाला वाटत होतं की ते केव्हाच वारले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या एका संगीत समीक्षकाला ते तिथे भेटले आणि त्याने आपल्या दैनिकात तसं छापलं. झालं, विद्यालयाच्या वरिष्ठांना ही प्रसिद्धी खपली नाही. तेर्मेन यांना काढून टाकलं आणि त्यांची वाद्यं मोडून फेकली. सत्तरी ओलांडलेला हा माणूस मग विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात साध्या तंत्रज्ञाच्या जागेवर लागला.

तिकडे अमेरिकेत रॉबर्ट मूग नावाच्या एका शाळकरी मुलाने मासिकात वाचून थेरेमिन जुळवलं होतं. पुढे तो त्याचे सुटे भाग विकू लागला आणि त्यातूनच १९६४ च्या सुमारास त्याचा प्रसिद्ध सिंथेसायझर आला. आपल्या लग्नाच्या बँडमधला कीबोर्ड आणि जागरण-गोंधळात हल्ली दिसणारा पॅड यांची वंशावळ शोधत गेलं तर ती तेर्मेन यांच्या दारापाशी जाते.

मॉस्कोत नात्यातली एक नऊ वर्षांची मुलगी, लिडिया काविना, तेर्मेन यांच्याकडे शिकायला येऊ लागली. ती पुढे जगभर कार्यक्रम करणारी वादक झाली. १९८९ मध्ये, पन्नास वर्षांनी, त्यांना परदेशी जाऊ दिलं. १९९१ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये क्लारा रॉकमोर यांना भेटले. ते पंच्याण्णव वर्षांचे, त्या ऐंशीच्या. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं.

वर्गात करायचं असेल तर दोन गोष्टी सुचवतो. शाळेत अटल लॅब असेल तर एलडीआर, ५५५ चिप आणि छोटा स्पीकर घेऊन मुलं एका तासात साधं वाद्य जुळवतात. हाताची सावली पडली की सूर बदलतो. ते खरं थेरेमिन नव्हे, कारण इथे काम प्रकाश करतो, पण हातांना अंदाज येतो. दुसरं म्हणजे क्लारा रॉकमोर यांची १९७७ सालची ध्वनिमुद्रणं यूट्यूबवर ऐकवा, मात्र आधी पडदा झाकून. आमच्या वर्गात निम्मी पोरं म्हणाली व्हायोलिन. दोघं-तिघं म्हणाली कुणीतरी बाई गाते आहे. पेटीवाला मुलगा काहीच बोलला नाही, नुसता हवेत हात सरकवत बसला होता.